बंदुकीचे दुसरे टोक

‘मी हत्यारे बनवायला शिकतो आहे,’ असे घरातल्या विशीतल्या मुलाने पूर्वी सांगितले असते, तर आईने देव पाण्यात ठेवले असते आणि बापाने ओळखीच्या फौजदाराचे घर गाठले असते. आता तसे काही होत नाही. मुलगा संगणकासमोर बसलेला असतो. पडद्यावर एक बंदूक हळूहळू गोल फिरत असते. आई चहाचा कप ठेवता ठेवता तिकडे नजर टाकते, ‘अजून तेच चाललंय का?’ म्हणते आणि आपल्या कामाला लागते. व्हिडिओ गेमसाठी हुबेहूब हत्यारे घडवणे आणि ती खेळणाऱ्याच्या हातात खरी वाटतील अशी हलवणे, हा आता रीतसर शिकण्याचा विषय झाला आहे. त्याचे क्लास आहेत, त्यात नोकऱ्या आहेत. या विद्येविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, पोरे बिघडली. दुसरा म्हणतो, पगार बरा असतो म्हणे. हे दोन्ही सूर बाजूला ठेवून मला एक साधाच प्रश्न विचारायचा आहे. हत्यार ‘खरे’ वाटते, म्हणजे नेमके काय होते?

हा प्रश्न मला पडला तो सिद्धगडामुळे. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कड्याला बिलगून हा किल्ला उभा आहे. भोवती भीमाशंकर अभयारण्याचे रान. मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहकांना तो अवघड चढणीचा म्हणून ठाऊक असतो. मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या माणसांना मात्र सिद्धगड म्हटले की २ जानेवारी १९४३ ची पहाट आठवते. त्या पहाटे पोलिसांनी घातलेल्या छाप्यात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी थंडीत, अंधारातच माणसे तेथे जमतात आणि उजाडण्याच्या सुमाराला त्यांना मानवंदना दिली जाते.

माझा एक भाचा याच तालुक्यातला. अॅनिमेशन शिकतो. सिद्धगडच्या त्या पहाटेवर एक छोटा गेम करावा, असे त्याच्या मनात आहे. कामाची सुरुवात त्याने अर्थातच बंदुकीपासून केली. त्या काळच्या सरकारी शिपायाची ओळख म्हणजे थ्री नॉट थ्री, म्हणजेच ली-एनफिल्ड रायफल. तेव्हा तीच त्याने निवडली. गेले काही महिने सवड मिळेल तसा मी त्याच्या शेजारी बसून हे काम पाहतो आहे, आणि आधी त्याच्या कष्टाचे मोल सांगितले पाहिजे, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसते.

हे काम म्हणजे छायाचित्र डकवणे नव्हे. प्रथम त्या रायफलीची शक्य तितकी चित्रे, आराखडे आणि मापे गोळा करायची. मग संगणकात ठोकळ्यांनी तिचा ढोबळ आकार उभा करायचा. नळी, दस्ता, चाप, गोळ्यांची पेटी, निशाण धरायची माशी, असे एकेक अंग वेगळे घडवायचे. यासाठी लागणारे ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर २००२ सालापासून सर्वांना खुले आणि फुकट आहे, म्हणून तर मुरबाडच्या मुलाला ते शिकता येते. प्रथम घडवलेली प्रतिकृती फार बारकाव्यांची असते. ती तशीच गेममध्ये घातली तर मोबाईल धापा टाकू लागेल. म्हणून तिची दुसरी, हलकी प्रतिकृती करायची आणि जड प्रतिकृतीतल्या खाचाखोचा, स्क्रू, कोरलेली अक्षरे हिच्या अंगावर चित्ररूपाने उतरवायची. या क्रियेला ही मुले ‘बेक करणे’ म्हणतात. त्याआधी शिंपी अंगरख्याचे कापड बेततो तसा बंदुकीचा सारा पृष्ठभाग उलगडून सपाट मांडावा लागतो. त्यावर मग रंग, लाकडाच्या रेषा, तेलाचा तवंग, गंज.

या गंजाच्या टप्प्यावर चांगला कारागीर आणि सुमार कारागीर यांतला फरक कळतो. सुमार माणूस सगळीकडे सारखा ओरखडा पाडतो. चांगला माणूस विचार करतो की, हात कोठे लागत असेल? पट्टा कोठे घासत असेल? शिपाई दमून बंदूक टेकवीत असेल तेव्हा दस्त्याचा कोणता कोपरा जमिनीला लागत असेल? जेथे हात रोज लागतो तेथे काळेपणा जाऊन लोखंड उघडे पडते आणि लाकडाला चकाकी येते. आजीच्या वरवंट्याला किंवा शेतकऱ्याच्या नांगराच्या मुठीला जी झिलई असते, तीच ही. भाच्याने ही गोष्ट आपल्या आजोबांच्या कोयत्याकडे पाहून शिकली, कोणत्याही क्लासमध्ये नव्हे. ज्याला ‘पोरखेळ’ म्हणून आपण हिणवतो, त्यात निरीक्षणाची एवढी शिस्त आहे. लोहार, सुतार आणि चित्रकार या तिघांचे डोळे एका माणसाला कमवावे लागतात.

या कौशल्याला आपल्याकडे घर नाही असेही नाही. प्राचीन भारतातल्या कथाविश्वावर बेतलेला ‘राजी’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने २०२० साली काढला. त्यातली नायिका त्रिशूळ आणि धनुष्य घेऊन लढते. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ हा बंदुकांच्या लढाईचा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. म्हणजे ही हत्यारे घडवणारे हात आता केवळ अमेरिका-जपानातले राहिलेले नाहीत.

पालकांना वाटणारी भीतीही मी हसण्यावारी नेणार नाही. पब्जीने घराघरात घातलेला गोंधळ अजून लोक विसरलेले नाहीत. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यासह ११८ अॅपवर बंदी घातली, तेव्हा अनेक आयांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. ती बंदी माहितीच्या सुरक्षिततेच्या कारणावरून होती, बंदुकांच्या नव्हे, पण आयांना त्याचे काय! बंदुकीचे खेळ खेळून मुले खरोखर हिंसक होतात का, यावर बरेच संशोधन झाले आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली ठराव करून असे सांगितले की, अशा गेममुळे हिंसक कृत्ये घडतात असे म्हणण्याजोगा पुरेसा पुरावा नाही. मात्र ओरडणे, ढकलाढकली करणे अशा आक्रमक वागण्याशी त्यांचा थोडासा संबंध दिसतो. तेव्हा खेळणारा प्रत्येक मुलगा उद्या बंदूक उचलील ही भीती सोडून द्यावी, आणि काहीच होत नाही ही बेफिकिरीही सोडून द्यावी.

माझी काळजी वेगळी आहे, आणि ती खेळणाऱ्यापेक्षा घडवणाऱ्याविषयी अधिक आहे. ‘डूम’ हा जगभर गाजलेला गेम १९९३ साली निघाला, तेव्हा त्यातल्या बंदुका चक्क दुकानात मिळणाऱ्या खेळण्यांच्या बंदुकांची छायाचित्रे घेऊन केलेल्या होत्या. खेळणाऱ्यालाही ते लुटुपुटीचेच वाटत असे. तेथून तीस वर्षांत हे क्षेत्र इतके पुढे आले की, लीड्सच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयातले बंदुकांचे जाणकार जोनाथन फर्ग्युसन गेममधल्या बंदुका पाहून त्यांतल्या चुका जाहीरपणे दाखवून देतात आणि लक्षावधी लोक ते आवडीने पाहतात. दरम्यान बंदुकांच्या कारखानदारांनीही संधी ओळखली. आपल्या बंदुकीचे खरे नाव आणि रूप गेममध्ये वापरू देण्याचे करार झाले. अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये लहान मुलांचे हत्याकांड झाल्यावर या करारांवर टीका झाली, आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने २०१३ साली असे करार थांबवत असल्याचे सांगितले. बंदुकांची खरी नावे वापरणे मात्र तिने सोडले नाही. हुबेहूबपणाच्या मागे कधी कधी जाहिरातही दडलेली असते, हे शिकणाऱ्या मुलाला कोणी तरी सांगितले पाहिजे.

पण समजा, जाहिरात नाही, पैशाचा मोह नाही, मुलगा निव्वळ कारागिरीच्या ओढीने हे करतो आहे. तरी प्रश्न उरतोच. ली-एनफिल्ड रायफल सुमारे चार किलो वजनाची आणि ११३ सेंटीमीटर लांबीची. पेटीत दहा गोळ्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची आणि खाली पाडायची, तेव्हा ती पुन्हा झाडता येते. भाच्याने या चार हालचाली फार सुरेख केल्या आहेत. बोल्ट मागे येतो तेव्हा रिकामे काडतूस उडते, त्यावर उन्हाची तिरीपही पडते. पण पडद्यावरचे हात ती बंदूक अशी पेलतात की जणू ती वेताची काठी! चार किलोचे लोखंड आणि लाकूड खांद्याला लावून पाच मिनिटे धरा, दंड थरथरू लागतो, श्वासाबरोबर टोक वरखाली होते. गोळ्या पुन्हा भरायला किती वेळ लागावा, हेसुद्धा गेममध्ये बंदूक ठरवत नाही. खेळणाऱ्याला कंटाळा येऊ नये हा हिशेब ते ठरवतो. म्हणजे रूप खरे आणि वागणे सोयीचे.

यात भाच्याचा दोष नाही. त्याने आयुष्यात रायफल हातात घेतलेली नाही. आपल्याकडे शस्त्रांचा कायदा कडक आहे आणि तो तसाच असावा. एनसीसीत गेलेल्या मुलांना पॉइंट टू-टूची रायफल तरी हाताळायला मिळते. बाकीच्यांचा सारा अभ्यास दुसऱ्यांच्या गेमवरून आणि परदेशी चित्रफितींवरून होतो. नकलेची नक्कल होते. मी त्याला साधा उपाय सुचवला. अंगणात एक चार किलोचे ओंडके घे, खांद्याला लाव आणि शेताच्या बांधावरून चालून दाखव. तो हसला, पण त्याने केले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पडद्यावरचा शिपाई थोडा वाकून चालत होता.

आपल्या मातीतल्या हत्यारांबाबत तर हा अनुभव आणखी लागतो. दांडपट्टा घ्या. २०२४ च्या शिवजयंतीला तो महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. त्याचे पाते लांब, सरळ आणि लवचीक. पण त्याची मूठ साध्या तलवारीसारखी नसते. हात कोपराच्या दिशेने लोखंडी खोबणीत जातो आणि आतली आडवी दांडी मुठीत धरावी लागते. त्यामुळे मनगट जखडले जाते. सारी हालचाल कोपर, खांदा आणि पाय यांच्यातून येते. ज्या मुलाने केवळ परदेशी गेममधल्या तलवारी पाहिल्या आहेत, तो मनगट फिरवून दांडपट्टा चालवील, आणि कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यातले दहा वर्षांचे पोरही त्याला हसेल. आखाड्यात बसून एक सकाळ पाहिले तर जे कळते, ते शंभर चित्रांतून कळत नाही.

वजन आणि चाल यांच्यापुढे आणखी एक खरेपणा आहे. तो कळण्यासाठी आपल्याला सिद्धगडावर परत गेले पाहिजे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबातला. कष्टाने शिकून ते वकील झाले. माथेरान नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले. पण त्यांचे खरे काम डोंगराखालच्या शेतकरी आणि आदिवासी माणसांत होते. गावोगावी शाळा काढल्या, सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत ते भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज वाहून नेणारे लोखंडी मनोरे पाडायला सुरुवात केली. खोपोली, भिवपुरी, भिरा येथल्या धरणांच्या पाण्यावर तयार होणारी वीज मुंबईच्या गिरण्या चालवीत होती. महायुद्धाच्या धामधुमीत ही वीज तोडणे म्हणजे सरकारच्या नाडीवर बोट ठेवणे होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात या दस्त्याने ११ मनोरे पाडले. त्यानंतर सरकारने शोध चालवला आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलीस सिद्धगडच्या रानात पोहोचले. हिराजी पाटील गोळी लागून पडले. भाई कोतवाल जखमी झाले, आणि जखमी अवस्थेत पोलीस अधिकारी हॉल याने त्यांना जवळून गोळी घातली, असे या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्यांचे वय तेव्हा तीस वर्षांचे होते.

आता हा प्रसंग गेमच्या भाषेत मांडा. खेळणाऱ्याच्या हातात काय द्याल? गेमची रूढी सांगते, बंदूक द्या. पण लोखंडी मनोरा बंदुकीने पडत नाही. त्याचे चार पाय असतात. रात्रीच्या अंधारात, पहारा चुकवून, आवाज कमीत कमी होईल अशा बेताने ते लोखंड तोडावे लागते. तेथे शौर्य असते ते हात न थांबवण्यात आणि कान सतत टवकारून ठेवण्यात. मी भाच्याला म्हटले, ‘अरे, तुझ्या गेममधले मुख्य हत्यार लोखंड कापायची करवत असायला हवे.’

‘मामा, करवत घेऊन कोण खेळेल?’ तो म्हणाला. ‘लोकांना ठो-ठो लागतं. आणि तुम्हाला वाटतं तितकी मुलं इतिहासासाठी गेम उघडत नाहीत.’

त्याचे म्हणणे खोटे नाही. गेम हा विकायचा माल आहे, आणि कंटाळवाणा गेम कोणी उघडणार नाही, मग तो कितीही पुण्यवान असो. पण करवत कंटाळवाणी का असावी? प्रत्येक ओढीला होणारा आवाज, दूरवर हलणारा कंदील, अर्धवट कापलेला पाय, ढगाआडून निघणारा चंद्र, यांत ठो-ठो पेक्षा कमी थरार आहे काय? रायफलीच्या दस्त्यावरची झिलई दाखवायला ज्याने तीन आठवडे घातले, त्याने करवतीच्या मुठीला तीन दिवस दिले तर ती मूठही बोलू लागेल. आपण बंदुकीला हत्यार म्हणतो आणि करवतीला अवजार. इंग्रज सरकारला मात्र १९४२ च्या त्या तीन महिन्यांत हा भेद पटला नसता.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. गेममध्ये आपण नेहमी बंदुकीच्या दस्त्याच्या बाजूला असतो. कॅमेरा आपल्या डोळ्यांच्या जागी, खाली आपलेच दोन हात, पुढे निमुळती होत गेलेली नळी. सारे अॅनिमेशन याच बाजूने शिकवले जाते. नळीच्या तोंडासमोर जो असतो तो दूरचा ठिपका. पडतो आणि थोड्या वेळाने नाहीसा होतो. सिद्धगडावर आपले माणूस नळीच्या दुसऱ्या टोकाला होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे असेच दुसऱ्या टोकाला उभे होते. हातात लाठी. समोर एके-४७. त्यांनी ती नळी आपल्या हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि ती सोडली नाही, म्हणून अजमल कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. एके-४७ ही जगातल्या गेममध्ये बहुधा सर्वांत जास्त वेळा घडवली गेलेली बंदूक असेल. तिच्या लाकडाचा रंग, पेटीचा बाक मुलांना तोंडपाठ आहे. पण ती नळी बाहेरून, उघड्या तळहातांनी धरली तर कशी लागते, याचे अॅनिमेशन कोणी शिकवत नाही. माझ्या मते त्या हत्याराचे सर्वांत खरे चित्र तेच आहे.

भाच्याची इच्छा होती की, खेळणाऱ्याने नीट खेळ केला तर भाई कोतवाल वाचावेत. त्याच्या वयाला ही इच्छा शोभते. आपल्याला प्रत्येकालाच ते वाचायला हवे होते. पण दोन जानेवारीच्या थंडीत जे म्हातारे-कोतारे काठी टेकीत स्मारकापाशी येतात, त्यांच्यासमोर हा गेम ठेवायची वेळ आली तर? ‘आम्ही त्यांना वाचवले’ हे त्यांना दाखवता येईल का? मला वाटते, त्या पहाटेचा शेवट बदलण्याचा अधिकार कोणाला नाही. खेळणाऱ्याच्या हाती द्यायचे असेल तर त्याआधीचे सारे द्यावे: कोठीतले धान्य मोजणे, निरोप पोहोचवणे, मनोरा पाडणे, वाट बदलणे, साथीदारांना पुढे काढून देणे. तेथे हरायला-जिंकायला भरपूर जागा आहे. शेवटच्या प्रसंगात मात्र खेळणाऱ्याच्या हातातले बटण काही क्षण चालू नये. ज्या हत्याराची एवढी आराधना केली, त्याचे काम काय असते, ते त्या क्षणी त्याला कळेल. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. तो म्हणतो, असा गेम लोक अर्ध्यावर टाकतील. मी म्हणतो, जे टाकणार नाहीत त्यांच्यासाठी कर.

एवढे सारे शिकणाऱ्या मुलांनीच करावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना आपणही काही देणे लागतो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा लोकांनी गर्दी केली. ती वाघनखे महाराजांनीच वापरली होती याची खात्री देता येत नाही, असे ते लंडनचे संग्रहालय स्वत:च सांगते. एवढा प्रामाणिकपणा प्रत्येक नकलेला हवा. आपल्याकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात उत्तम शस्त्रे आहेत. पण ती काचेआड आणि एकाच बाजूने दिसतात. शिकणाऱ्या मुलांसाठी वर्षातून चार दिवस जाणकारांच्या देखरेखीखाली ती शस्त्रे जवळून पाहण्याची, त्यांची वजने-मापे टिपण्याची, रेखाटने करण्याची सोय का असू नये? प्रत्येक पाटीवर नावाबरोबर वजन लिहायला किती खर्च येतो? आणि सिद्धगडासारख्या ठिकाणी, ज्या घरांत त्या काळच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, त्या आठवणी नोंदवून ठेवण्याचे काम तालुक्यातल्या महाविद्यालयांनी हाती घेतले, तर उद्याच्या गेमकारालाच नव्हे, सर्वांनाच त्याचा उपयोग होईल.

पालकांना मी एवढेच सुचवीन. तुमचा मुलगा किंवा मुलगी पडद्यावरची बंदूक दाखवायला आली तर तोंड फिरवू नका, आणि ‘वा, अगदी खरी दिसते’ म्हणून मोकळेही होऊ नका. कामाची किंमत जाणून तीन गोष्टी विचारा. हिचे वजन किती? ही कोणाच्या खांद्यावर असे आणि त्याला घरी कोण होते? आणि हिच्या समोर कोण उभे होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात मिळेल. दुसऱ्यासाठी त्याला माणसांशी बोलावे लागेल. तिसऱ्यासाठी कदाचित मुरबाडची एसटी धरून एखाद्या जानेवारीत सिद्धगडच्या पायथ्याशी यावे लागेल. तेथे पहाटे फार थंडी असते, म्हणून स्वेटर आणायला सांगा.